खडा दिसला, मणका राहिला

आमच्या सी.टी. कक्षात येणारी मागणीची चिठ्ठी हाताच्या पंजाएवढी असते. तिच्यावर रुग्णाचे नाव, वय, वॉर्ड आणि ‘पोटात दुखणे’ एवढाच मजकूर असतो. कधी त्याच्यापुढे ‘मुतखडा’ हा शब्द प्रश्नचिन्हासह लिहिलेला असतो आणि तो असला की रात्रपाळीच्या निवासी डॉक्टरला हायसे वाटते, कारण काय शोधायचे ते आधीच सांगून झालेले असते. प्रशिक्षणाच्या दुसऱ्या वर्षी, ऑक्टोबरच्या अखेरीस, अशीच एक चिठ्ठी माझ्या हाती आली. त्या रात्री माझ्याकडून झालेल्या चुकीबद्दल लिहायचे बरेच दिवस मनात होते.

आधी थोडे माझ्या जागेविषयी सांगते. एमबीबीएस मी छत्रपती संभाजीनगरच्या घाटीत, म्हणजे तिथल्या शासकीय वैद्यकीय महाविद्यालयात केले आणि नीट-पीजीच्या समुपदेशनात रेडिओलॉजीची जी जागा वाट्याला आली ती मराठवाड्यातील एका तालुक्याच्या गावी, ट्रस्टने चालवलेल्या रुग्णालयातील डीएनबीची होती. डीएनबी म्हणजे राष्ट्रीय परीक्षा मंडळाचा तीन वर्षांचा अभ्यासक्रम. त्यात प्रबंध लिहावा लागतो, लॉगबुक भरावे लागते आणि शेवटी लेखी व प्रात्यक्षिक परीक्षा द्यावी लागते. आमच्याकडे वर्षाला दोन जागा, म्हणजे तिन्ही वर्षांचे मिळून सहा निवासी. एक पूर्णवेळ ज्येष्ठ रेडिओलॉजिस्ट, ज्यांना आम्ही सगळेच ‘सर’ म्हणतो, आठवड्यातून ठरावीक दिवशी येणारे दोन सल्लागार, सोळा स्लाइसचे सी.टी. यंत्र, दीड टेस्लाचे एमआरआय, तीन सोनोग्राफी यंत्रे आणि एक्स-रेची न संपणारी रांग, असा आमचा संसार आहे.

जागा स्वीकारताना अनेकांनी मला वेड्यात काढले होते. मोठ्या वैद्यकीय महाविद्यालयात मेंदूचा वेगळा तज्ज्ञ असतो, सांध्यांचा वेगळा असतो, रक्तवाहिन्यांत तारा घालून उपचार करणारा विभाग असतो. तिथे दुर्मीळ आजार पावलोपावली दिसतात आणि परीक्षेला त्याचा उपयोग होतो. हे सगळे खरेच आहे. ती उणीव आम्ही जुन्या केसेसच्या संग्रहावर आणि रविवारच्या ऑनलाइन वर्गांवर भागवतो, आणि ती पूर्णपणे भागत नाही हेही कबूल करते. पण इथे एक गोष्ट मिळते, जी मला माझ्या घाटीतल्या मैत्रिणींकडे फारशी दिसत नाही: रुग्ण परत येतो. ज्याच्या छातीचा फोटो मी जूनमध्ये वाचला तोच माणूस डिसेंबरमध्ये बाजारच्या दिवशी भाजीच्या पिशवीसह दारात उभा असतो आणि “मॅडम, त्या टायमाला तुमी काय लिवलं व्हतं?” असे विचारतो. लिहिलेल्या शब्दाचे पुढे काय झाले हे इथे कळते, मग ते कळावे अशी आपली इच्छा असो वा नसो.

पहिल्या वर्षाचा बहुतेक वेळ सोनोग्राफीच्या खोलीत गेला. दिवसाला चाळीस-पन्नास पोटे तपासून संध्याकाळी मनगट इतके दुखायचे की चहाचा कप डाव्या हाताने धरावा लागे. प्रोब कसा धरायचा, श्वास रोखायला सांगताना “दम धरा” म्हणायचे की “श्वास आत घ्या” (पहिले म्हटलेलेच समजते), पित्ताशय दिसेना तर कुशीवर वळवायचे, हे सगळे तिथे अंगवळणी पडले. पण त्या खोलीत शिकलेली सर्वांत अवघड गोष्ट म्हणजे चेहरा कोरा ठेवणे. गर्भलिंग निदानाला बंदी घालणारा कायदा १९९४ चा. २००३ मध्ये तो अधिक कडक झाला. गर्भाचे लिंग शब्दाने, खुणेने वा अन्य कोणत्याही प्रकारे सांगता येत नाही. प्रत्येक गरोदर स्त्रीमागे ‘फॉर्म एफ’ भरावा लागतो, तिची आणि डॉक्टरची सही किंवा अंगठा लागतो, आणि त्यातील रकाना चुकला तरी तो निव्वळ कारकुनी दोष मानता येणार नाही असे सर्वोच्च न्यायालयाने २०१९ मध्ये स्पष्ट केले. आमच्या पट्ट्यात या कायद्याची गरज का पडली हे कुणाला समजावून सांगावे लागत नाही. २०११ च्या जनगणनेत बीड जिल्ह्यात शून्य ते सहा वयोगटात हजार मुलग्यांमागे ८०७ मुली होत्या.

आता सरळ कुणी विचारत नाही. सासू दाराशी उभी राहून “समदं चांगलं हाय ना, बाई?” एवढेच म्हणते आणि माझ्या उत्तरापेक्षा माझ्या चेहऱ्याकडे पाहते. मी हसले तर एक अर्थ काढला जातो, नाही हसले तर दुसरा. त्यामुळे बाळाचे ठोके मोजताना, डोक्याचा घेर घेताना, मांडीचे हाड मोजताना मी एकाच सुरात आकडे सांगते आणि शेवटीही त्याच सुरात “बाळाची वाढ महिन्यांप्रमाणे आहे” असे म्हणते. दिसलेले न सांगण्याची ही सवय आम्ही एका खोलीत घोटून घेतो आणि शेजारच्या सी.टी. कक्षात जाऊन दिसलेले सगळे सांगण्याचे काम करतो. या दोन खोल्यांमधला दरवाजा ओलांडताना जीभ बदलावी लागते.

त्याच खोलीतली आणखी एक गोष्ट सांगितल्यावाचून राहवत नाही. पस्तिशीची बाई कंबरदुखीसाठी किंवा लघवीच्या त्रासासाठी येते, मी प्रोब ओटीपोटावर टेकवते आणि भरलेल्या मूत्राशयामागे जिथे गर्भाशय असायला हवे तिथे काहीच नसते. पहिल्यांदा मला वाटले की मलाच दिसत नाही. मी प्रोब आडवा केला, उभा केला, थोडा दाबला, आणि शेवटी ती बाईच म्हणाली, “पिशवी काढलीय, मॅडम. पाचेक वर्सं झाली.” ऊसतोड करणाऱ्या बायकांमध्ये गर्भाशय काढण्याच्या शस्त्रक्रिया मोठ्या प्रमाणावर होत असल्याचे उघड झाल्यावर शासनाने २०१९ मध्ये चौकशी समिती नेमली, हे वर्तमानपत्रात सर्वांनी वाचले आहे. मी ते दर आठवड्याला पडद्यावर काळ्या-पांढऱ्या रंगात पाहते आणि रिपोर्टात ‘गर्भाशय दिसत नाही, शस्त्रक्रियेनंतरची स्थिती’ असे एका ओळीत लिहून पुढच्या नावाला हाक मारते.

तर, ती ऑक्टोबरची रात्र. साडेअकराच्या सुमारास बेचाळीस वर्षांचे एक गृहस्थ डाव्या कुशीतल्या कळेने कळवळत आले. मुतखड्याचे रुग्ण आमच्याकडे बारमाही असतात. दिवसभर उन्हात राबायचे आणि पाणी प्यायचे ते हापसा लागला तर, असे आयुष्य असल्यावर दुसरे काय होणार. तंत्रज्ञाने त्यांना टेबलावर घेतले, कॉन्ट्रास्ट (प्रतिमा ठळक करणारे औषध) न देता मूत्रमार्गाचा स्कॅन केला आणि दहा मिनिटांत प्रतिमा माझ्या पडद्यावर आल्या. डाव्या मूत्रवाहिनीच्या अगदी शेवटी, मूत्राशयात उतरण्याच्या तोंडाशी, सहा मिलिमीटरचा खडा चमकत होता. वरची नळी फुगली होती, मूत्रपिंडालाही थोडी सूज होती. चित्र इतके स्वच्छ होते की ते परीक्षेत देतात तसे वाटले. मी खड्याचे माप घेतले, घनता मोजली, उजवी बाजू पाहिली, यकृत, प्लीहा, स्वादुपिंड यांवरून नजर फिरवली आणि सव्वाबाराला तात्पुरता रिपोर्ट लिहून मोकळी झाले. आपत्कालीन विभागातील डॉक्टरांनी वेदनाशामक इंजेक्शन दिले, कळ थांबली, खड्याच्या गोळ्या लिहून दिल्या आणि पहाटे ते गृहस्थ नातेवाइकांबरोबर घरी गेले.

सकाळी नऊला सर रात्रीचे सगळे स्कॅन पुन्हा पाहतात. ते पाहताना बोलत नाहीत. डाव्या हाताने मिशी कुरवाळत उजव्या हाताने माउसचे चाक फिरवत राहतात. माझा खडा त्यांनी दोन सेकंदांत पाहिला आणि पुढे गेले. मग त्यांनी प्रतिमा उभ्या छेदात घेतली, हाडांच्या विंडोवर आणली आणि हात थांबला.

“हे काय आहे?”

बाराव्या पाठमणक्याची खालची कड आणि पहिल्या कंबरमणक्याची वरची कड उंदराने कुरतडल्यासारखी दिसत होती. मधली चकती बसली होती. मणक्यांच्या दोन्ही अंगांना मऊ भाग जरा जाड झाला होता. मला उत्तर ठाऊक होते, आमच्या भागात ते पहिल्या वर्षाच्या निवाशालाही ठाऊक असते: मणक्याचा क्षयरोग. तो रात्रीही तिथेच होता, त्याच प्रतिमांमध्ये, मी खड्याचे माप घेत होते त्या स्लाइसच्या जेमतेम वीत-दीड वीत वर.

कसा राहिला याचे यांत्रिक उत्तर सोपे आहे. सी.टी. यंत्र शरीरातल्या प्रत्येक ठिपक्याला एक आकडा देते. ज्यांनी हे यंत्र घडवले आणि त्यासाठी १९७९ चे नोबेल मिळवले त्या गॉडफ्रे हौन्सफिल्ड यांच्या नावाने ते एकक ओळखले जाते. पाणी शून्यावर, हवा उणे हजारावर, चरबी उणे शंभराच्या आसपास, हाड अनेक शेकड्यांच्या वर. इतक्या साऱ्या छटा डोळ्याला एकदम वेगळ्या ओळखता येत नाहीत, म्हणून आपण त्यातला एक पट्टा निवडून तेवढाच काळ्यापासून पांढऱ्यापर्यंत पसरवतो. त्यालाच विंडो म्हणतात. पोटातले अवयव पाहण्याच्या विंडोत साधारण चारशे एककांचा पट्टा असतो आणि त्यात हाड सरसकट पांढरेफटक दिसते, चुन्याने सारवलेल्या भिंतीसारखे. भिंतीला पडलेली भोके पाहायची तर विंडो रुंदावून दोन हजारांच्या घरात न्यावी लागते. त्यासाठी एकच कळ दाबायची असते. ती मी दाबली नव्हती.

पण खरे उत्तर यंत्रात नाही. आमच्या पाठ्यपुस्तकांत या चुकीला नावच आहे, शोधाचे समाधान: एक गोष्ट सापडली की नजर तृप्त होते आणि दुसरी शोधायचे थांबते. हे नाव मी लेखी परीक्षेसाठी पाठ केले होते, उदाहरणांसह. सरांना ते सांगायला मी तोंड उघडले तेवढ्यात रात्रपाळीचे तंत्रज्ञ, जे सही करून घरी निघाले होते, दारातून म्हणाले, “मॅडम, त्या मामांना टेबलावर उताणं झोपवेना. कळीमुळं नाही, पाठीमुळं. दोन महिन्यांपासून उसण भरलीय म्हणत होते. सांजच्याला अंगबी कढत होतंय म्हणाले.”

दोन महिन्यांची पाठदुखी आणि संध्याकाळचा बारीक ताप. स्कॅन चालू असताना मी काचेच्या या बाजूला बसले होते, रुग्ण त्या बाजूला होता, आणि मधले अंतर दहा पावलांचे होते. चिठ्ठीवर जे लिहिले नव्हते ते विचारायला मी उठले नाही. तंत्रज्ञाने सहज विचारले आणि त्याला सगळे कळले. सर एवढेच म्हणाले, “पुरवणी रिपोर्ट लिही. आणि माणूस शोध.”

पुरवणी पाच मिनिटांत लिहून झाली. माणूस शोधायला नऊ दिवस लागले.

नोंदणीच्या कागदावरचा मोबाइल पुतण्याचा होता आणि तो बंद लागत होता. गावच्या आरोग्य उपकेंद्रातून आशाताईंचा नंबर मिळाला. त्यांनी सांगितले की मामांची टोळी दुसऱ्याच दिवशी दुपारी ट्रकमध्ये बसून ऊसतोडीला गेली. मामांनी आणि मामींनी मिळून मुकादमाकडून उचल घेतली होती. नवरा-बायको मिळून एक ‘कोयता’ होतो आणि त्या एका कोयत्याच्या हिशेबाने हंगामाचे पैसे आधीच हातात पडून बहुधा खर्चूनही झालेले असतात. कळ थांबली होती, खड्याच्या गोळ्या मिळाल्या होत्या, मोठ्या दवाखान्याने ‘मशिनीत’ पाहून फक्त खडा आहे असे लिहून दिले होते. मग थांबायचे कशासाठी? किडलेल्या मणक्यानिशी तो माणूस उसाची मोळी डोक्यावर घेऊन फळीवरून ट्रकवर चढत असणार, हे डोळ्यांपुढे येऊन मला तो आठवडा धड जेवण गेले नाही. मणका खचला आणि आतल्या मज्जारज्जूवर दाब आला तर पाय लुळे पडायला वेळ लागत नाही.

मुकादमाचा नंबर सहाव्या दिवशी मिळाला. तो माणूस वाईट नव्हता, पण त्याचा हिशेब वेगळा होता. “मॅडम, चालतो-फिरतो गडी हाय. आता हंगामात वापस कसा धाडू? उचल कोण फेडंल?” मी त्याला क्षयरोग, मणका, मज्जारज्जू असे बरेच काही सांगितले आणि त्यातले त्याला काहीच पोचले नाही. शेवटी सरांनी फोन घेतला आणि एकच वाक्य बोलले: “दादा, हा गडी पंधरा दिवसांत उभा राहू शकणार नाही असं होऊ शकतं, आणि मग तो तुमच्या कोपीतच पडून राहील.” पलीकडे थोडा वेळ शांतता होती. तीन दिवसांनी मामांना सांगली जिल्ह्यातल्या एका रुग्णालयात नेण्यात आले. तिथे एमआरआय झाले, मणक्याजवळचा पू सुईने काढून सीबीनॅट तपासणीला पाठवला आणि क्षयाचे जंतू सापडले. औषधे सरकारी कार्यक्रमातून मोफत सुरू झाली. ‘निक्षय’ या संगणकीय नोंदणीमुळे रुग्णाची नोंद एका जिल्ह्यातून दुसऱ्या जिल्ह्यात पाठवता येते, म्हणून हंगाम संपल्यावर गोळ्या गावात मिळण्याची सोय होऊ शकली. मामींनी तो हंगाम एकटीने, ‘अर्धा कोयता’ म्हणून काढला.

सरांच्या फोनवरच्या त्या वाक्याचा मी पुढे बराच विचार केला. तांत्रिक तपशील त्यात एकही नव्हता, पण ऐकणाऱ्याने काय करायचे ते त्यात होते. आमच्या रिपोर्टांत बहुधा याच्या उलट असते. निरीक्षणांचे दोन परिच्छेद, मापे, घनता, आणि शेवटी निष्कर्षाखाली ‘रुग्णाच्या लक्षणांशी पडताळून पाहावे’ हे ठरलेले वाक्य. हे वाक्य मी पहिल्या वर्षी जवळजवळ प्रत्येक रिपोर्टाखाली लिहीत असे आणि ते नम्रपणाचे आहे असे मला वाटत असे. आता ते मला पुष्कळदा अंग काढून घेण्याचे वाटते. आमचा रिपोर्ट वाचणारा डॉक्टर साठ-सत्तर किलोमीटरवरच्या एखाद्या ग्रामीण रुग्णालयात एकटा बसलेला असतो. त्याच्याकडे शेजारच्या खोलीत दुसरा तज्ज्ञ नसतो. त्याला मूत्रवाहिनी किती मिलिमीटर फुगली आहे यापेक्षा आज रात्री रुग्णाला पुढे पाठवायचे की सकाळपर्यंत ठेवायचे हे हवे असते. यकृतात पाण्याची गाठ दिसली आणि आत सुटलेला पापुद्रा तरंगताना दिसला, तर ‘हायडॅटिडची शक्यता’ (फीतकृमीमुळे होणारी गाठ) एवढे लिहून भागत नाही; ‘बेसावधपणे सुई घालू नये’ हेही लिहावे लागते, कारण गाठ फुटून आतले द्रव सांडले तर जिवावर बेतणारी ॲलर्जी होऊ शकते. मेंढपाळ कुटुंबांतून हा आजार आमच्याकडे अधूनमधून येतो, आणि अशी सुई घालण्याची तयारी झालेली मी एकदा फोन करून थांबवली आहे. ते माझ्या लॉगबुकात कुठेच नोंदवता येत नाही, कारण टाळलेल्या गोष्टींसाठी त्यात रकाना नाही.

माझ्या सवयी बदलल्या, त्याही सांगते. पोटाचा कोणताही स्कॅन आला की मी आधी उभा छेद आणि हाडांची विंडो उघडते. खडा कुठे पळून जात नाही. दुसरे म्हणजे स्कॅन सुरू होण्याआधी मी काचेच्या पलीकडे जाते आणि “काका, कधीपासून? आणखी कुठं दुखतं? ताप?” एवढे तीन प्रश्न विचारते. रात्री तीन वाजता, अपघाताचे चार रुग्ण रांगेत असताना, हेही कधी कधी राहून जाते. कॉलरला लावलेला टीएलडी बॅज दर तीन महिन्यांनी माझ्या अंगावर किती किरणे पडली याचा हिशेब देतो. किती प्रश्न विचारायचे राहिले याचा हिशेब देणारा बॅज असता तर माझी वार्षिक मर्यादा केव्हाच ओलांडली गेली असती.

एप्रिलच्या दुसऱ्या आठवड्यात मामा आले. कमरेला पट्टा होता, वजन थोडे भरले होते आणि ते स्वतःच्या पायांनी चालत आले. त्यांना माझी चूक ठाऊक होती, मी ती फोनवर सांगितली होती. तरी त्यांनी तो विषय काढला नाही, आणि मी काढला तेव्हा “हंगामात गेलोच असतो की मी, मॅडम, तुमी लिवलं असतं तरी,” असे म्हणाले. हे माझी समजूत काढण्यासाठी होते की खरेच तसे होते, ते मला अजून ठरवता आलेले नाही. मग त्यांनी पिशवीतून आमच्याच स्कॅनची फिल्म काढली. आमच्या फिल्म उष्णतेवर छापल्या जातात आणि उष्णतेनेच बिघडतात. पाच महिने पत्र्याच्या कोपीत, चुलीशेजारी खोचून ठेवलेली ती फिल्म कडेकडेने जळाल्यासारखी काळी पडली होती. मी ती व्ह्यूबॉक्सवर लावली. खड्याची चौकट काळोखात गेली होती. मधल्या रांगेतले दोन-तीन छेद तेवढे शाबूत होते, आणि मामांनी बोट लावून विचारले, “ह्याच्यात कुटं हाय तो मणका?”

मी विभागातल्या संगणकावर त्यांचा जुना स्कॅन उघडला, हाडांच्या विंडोवर आणला आणि त्यांच्यासाठी खुर्ची ओढली.